सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या संघाचे नेतृत्व : घडण, टप्पे आणि जबाबदारी
(पनवेल परिसर व महाराष्ट्रातील संगणक संस्थांच्या विशेष संदर्भात)

सारांश

उत्तम आज्ञावली लिहिणारा अभियंता हा आपोआप उत्तम संघप्रमुख होतो, असा समज सॉफ्टवेअर व्यवसायात दीर्घकाळ रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. अभियंता ते संघप्रमुख हा प्रवास म्हणजे त्याच जिन्याची पुढची पायरी नसून तो व्यवसायातील बदल आहे, अशी या लेखाची मांडणी आहे. त्यासाठी मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून निघालेली व पुण्यातील सी-डॅकमध्ये विकसित झालेली अशा दोन परंपरांचा विचार केला असून, या दोन्ही परंपरा आज पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील खारघर येथे एकत्र आलेल्या आहेत. नेत्याची वाढ त्याने स्वतः केलेल्या कामावरून नव्हे, तर त्याच्या संघातील इतरांच्या वाढलेल्या निर्णयक्षमतेवरून मोजावी, हा लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजशब्द : सॉफ्टवेअर अभियांत्रिकी, संघनेतृत्व, उत्तराधिकार, एन.सी.एस.टी., सी-डॅक, पनवेल.

१. प्रस्तावना

पनवेल शहर हे मुंबई आणि पुणे या महाराष्ट्रातील दोन प्रमुख संगणक-व्यवसाय केंद्रांच्या दरम्यान वसलेले आहे. एका बाजूस ऐरोली, घणसोली व महापे येथील कंपन्या लोकलने गाठता येतात. दुसऱ्या बाजूस कळंबोलीपासून सुरू होणारा आणि २००२ मध्ये पूर्णपणे खुला झालेला ९४.५ किलोमीटर लांबीचा द्रुतगती मार्ग पुण्याकडे नेतो. नवीन पनवेल येथील पिल्लई अभियांत्रिकी महाविद्यालय, खारघर येथील ए. सी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्थांमधून दरवर्षी संगणक व माहिती तंत्रज्ञान शाखांचे पदवीधर बाहेर पडतात. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली तेव्हा खारघरचाही तिच्या हद्दीत समावेश झाला. त्यामुळे खारघर येथील सी-डॅकचे मुंबई केंद्रही आज पनवेलच्याच नागरी परिघात येते.

या पदवीधरांपैकी अनेकांकडे नोकरीच्या पाच-सात वर्षांतच चार-सहा जणांच्या संघाची धुरा येते. महाविद्यालयात त्यांनी विदासंरचना, कार्यप्रणाली, विदाधार हे विषय शिकलेले असतात. परंतु दुसऱ्याच्या कामाचा अंदाज कसा घ्यावा, चुकलेल्याशी कसे बोलावे, वरिष्ठांना विलंबाची वार्ता कशी सांगावी, याचे शिक्षण त्यांना कोठेही मिळालेले नसते. या उणिवेची किंमत केवळ कंपनी मोजत नाही. प्रकल्प रखडतात, जाणती माणसे नोकरी सोडतात आणि नवख्या अभियंत्यांची उमेदीची वर्षे जागरणांत व धास्तीत जातात. म्हणूनच हा विषय व्यवस्थापनशास्त्रापुरता मर्यादित न राहता शिक्षणाचा व समाजाचाही ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१. सॉफ्टवेअर संघाचे नेतृत्व इतर व्यवसायांतील नेतृत्वाहून कोणत्या बाबतीत वेगळे आहे, हे स्पष्ट करणे.
२. महाराष्ट्रातील संगणक संस्थांच्या इतिहासातून नेतृत्वाच्या घडणीविषयी काय शिकता येते, याचा शोध घेणे.
३. संघप्रमुखाच्या वाढीचे टप्पे व प्रत्येक टप्प्यावरील अडचणी मांडणे.
४. पनवेल परिसरातील महाविद्यालये व तरुण अभियंते यांच्या दृष्टीने काही उपाय सुचविणे.

३. सॉफ्टवेअरच्या कामाचे वेगळेपण

पूल किंवा इमारत बांधताना काम किती झाले हे डोळ्यांना दिसते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ‘नव्वद टक्के काम झाले’ असे सांगणारा अभियंता खोटे बोलत नसतो. उरलेल्या दहा टक्क्यांत काय दडले आहे, हे त्यालाही ठाऊक नसते. त्यामुळे संघप्रमुखाला कामाची खरी स्थिती पाहून नव्हे, तर माणसांच्या बोलण्यातून कळते. ज्या संघात माणसे मोकळेपणाने बोलत नाहीत, त्या संघाचा प्रमुख प्रत्यक्षात आंधळाच असतो.

दुसरे वेगळेपण संख्येचे आहे. आय.बी.एम. कंपनीच्या ओ.एस./३६० या कार्यप्रणालीच्या प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात असे दाखवून दिले की, रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात ऐनवेळी माणसे वाढविली तर तो आणखी रखडतो. याचे कारण साध्या गणितात आहे. संघातील प्रत्येकाला प्रत्येकाशी समन्वय साधावा लागतो असे मानल्यास ५ जणांच्या संघात असे १० दुवे होतात, १० जणांच्या संघात ४५ आणि १५ जणांच्या संघात १०५. माणसे तिप्पट झाली, पण दुवे दहापटींहून अधिक झाले. शिवाय नव्याने आलेल्यांना शिकविण्याचे काम जुन्यांवरच पडते. म्हणजे ज्यांचे हात मोकळे असणे सर्वांत निकडीचे, तेच अडकून पडतात.

तिसरे वेगळेपण मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये नोंदविले. कोणतीही संस्था जी प्रणाली घडविते, तिच्या रचनेत त्या संस्थेतील संवादाच्या रचनेचे प्रतिबिंब पडते. दोन गटांत बोलणे नसेल, तर त्या दोन गटांनी लिहिलेले भागही एकमेकांशी नीट जुळत नाहीत. याचा अर्थ असा की, संघाची मांडणी करणे हे प्रशासकीय काम दिसत असले तरी ते वस्तुतः अभियांत्रिकीचेच काम आहे. अभियांत्रिकी न समजणाऱ्याला ते जमत नाही आणि केवळ अभियांत्रिकी समजणाऱ्यालाही ते पुरते जमत नाही.

४. महाराष्ट्रातील दोन परंपरा

४.१ टी.आय.एफ.आर. ते एन.सी.एस.टी.

भारतात संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण देणारे एकही महाविद्यालय नव्हते, त्या काळात, म्हणजे १९५० च्या दशकाच्या मध्यास, मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तरुणांच्या एका लहान गटाने संगणक बांधण्यास घेतला. या गटाचे नेतृत्व आर. नरसिंहन (१९२६–२००७) यांच्याकडे होते. गटाने एकदम पूर्ण यंत्रास हात घातला नाही. प्रथम एक छोटे प्रायोगिक यंत्र तयार केले, ते १९५६ मध्ये चालू झाले आणि त्यावरून शिकून मोठे यंत्र उभारले. हे मोठे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले व १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने टिफ्रॅक लवकरच मागे पडला. १९६४ मध्ये संस्थेत सी.डी.सी. ३६०० हा परदेशी संगणक आला. तथापि यंत्र जुने झाले तरी ते घडविताना तयार झालेली माणसे जुनी झाली नाहीत. याच संस्थेत पुढे १९७० च्या दशकात सॉफ्टवेअर विकास व संगणनतंत्रांसाठी एक राष्ट्रीय केंद्र सुरू झाले आणि १९८५ मध्ये त्यातून राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच एन.सी.एस.टी., ही स्वायत्त संस्था निर्माण झाली. तिचे पहिले संचालक श्रीनिवासन रमाणी हे याच परंपरेत वाढलेले होते. नेतृत्वाची एक पिढी दुसऱ्या पिढीला कशी घडविते, याचे हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने संगणकीय उदाहरण म्हणता येईल.

रमाणी यांच्या नेतृत्वाची कसोटी अर्नेट या शैक्षणिक संगणक-जाळ्याच्या उभारणीत लागली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात एन.सी.एस.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, तत्कालीन पाच आय.आय.टी. आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिकी विभाग असे आठ घटक सहभागी होते. यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या हुकमतीखाली नव्हते. संगणकांनी एकमेकांशी कोणत्या नियमावलीने बोलावे, याविषयी त्या काळी जगभर तीव्र मतभेद होते. ओ.एस.आय. आणि टी.सी.पी./आय.पी. असे दोन पक्ष होते. अर्नेटने दोन्ही नियमावल्या एकाच जाळ्यावर चालू ठेवल्या. वादाचा निकाल आदेशाने न लावता वापराने लागू दिला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ सर्व वाहतूक टी.सी.पी./आय.पी. वर आली. सर्वसामान्य भारतीयांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी उपलब्ध झाले. त्यापूर्वीच देशातील संशोधक अर्नेटद्वारे जगाशी जोडले गेले होते. रमाणी यांचा २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. अधिकार नसतानाही काम पुढे नेता येते, आणि प्रत्येक वाद नेत्यानेच मिटविला पाहिजे असे नाही, हा या प्रकरणाचा बोध आहे.

४.२ पुण्याचे सी-डॅक

दुसरी परंपरा वेगळ्या परिस्थितीत जन्मली. महासंगणकांच्या विक्रीवर अमेरिकेने घातलेल्या बंधनांच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या परिसरात सी-डॅकची स्थापना झाली. विदर्भातील अकोला जिल्ह्यात जन्मलेले व नागपूर येथे अभियांत्रिकी शिकलेले विजय भटकर हे तिचे पहिले प्रमुख. तत्पूर्वी त्यांनी तिरुवनंतपुरम येथील इलेक्ट्रॉनिकी संशोधन व विकास केंद्राचे नेतृत्व केले होते. येथे मुदत ठरलेली होती : तीन वर्षे. उद्दिष्टही ठरलेले होते : भारतीय महासंगणक. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला.

या यशाचे रहस्य समस्येच्या मांडणीत होते. एकच अतिवेगवान प्रक्रियक घडविण्याचा मार्ग मुदतीत शक्य नव्हता. त्याऐवजी बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर जातीचे अनेक प्रक्रियक एकत्र जोडून त्यांच्यावर काम विभागून देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. त्यामुळे अडचणीचा भार यंत्रावरून सॉफ्टवेअरवर आला. एकच गणित शेकडो तुकड्यांत कसे विभागावे आणि उत्तरे पुन्हा कशी जुळवावीत, यासाठी ‘परस’ ही आज्ञावलींची चौकट विकसित करावी लागली. काम विभागणाऱ्या यंत्रासाठी संघातही काम विभागावे लागते. कोणता भाग कोणावर सोपवायचा आणि दोन भागांच्या सीमेवर काय ठरवायचे, हाच तेथे नेतृत्वाचा मुख्य प्रश्न होता.

याच काळात आय.आय.टी. कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान मोहन तांबे यांच्यासह सी-डॅकमध्ये आले. त्या कार्याशी निगडित असलेले ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांसाठीचे संकेतमानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. मराठी मजकूर संगणकावर उमटविण्याच्या पहिल्या पर्वात सी-डॅकच्या आज्ञावलींचा वाटा मोठा होता. महासंगणकाचे उद्दिष्ट ऐन भरात असताना संस्थेने दुसऱ्या एका संघाला त्याच्या स्वतंत्र ध्येयासह सामावून घेतले, ही गोष्ट नेतृत्वाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

४.३ दोन प्रवाहांचा संगम

डिसेंबर २००२ मध्ये एन.सी.एस.टी. चे सी-डॅकमध्ये विलीनीकरण झाले. भटकर यांनी पूर्वी ज्या केंद्राचे नेतृत्व केले होते, त्या तिरुवनंतपुरमच्या केंद्राची संस्थाही त्याच वेळी सी-डॅकमध्ये आली. खारघर येथील केंद्र हे एन.सी.एस.टी. चा वारसा सांगणारे आहे.

या दोन परंपरांची तुलना उद्‌बोधक ठरते. पहिलीत मुदतीचा ताण कमी, पण सहमतीची गरज मोठी. दुसरीत ध्येय एक, मुदत कडक आणि देशाच्या प्रतिष्ठेचा भार. पहिल्या परिस्थितीत नेत्याला थांबता यावे लागते, दुसरीत ठरविता यावे लागते. म्हणून ‘आदर्श नेता कसा असतो’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘या कामाला व या माणसांना आज कोणत्या प्रकारच्या नेतृत्वाची गरज आहे’ हा खरा प्रश्न होय. मात्र एका बाबतीत दोन्ही परंपरा समान आहेत. दोन्हींनी आपल्या संस्थापकांनंतरही काम चालू ठेवणारी माणसे घडविली. भटकर यांच्या कार्यकाळानंतर ‘परम पद्म’ने जून २००३ मध्ये जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत स्थान मिळविले, आणि ‘परम’ मालिका २०२४ मधील ‘परम रुद्र’पर्यंत पुढे चालू राहिली.

५. संघप्रमुखाच्या वाढीचे टप्पे

५.१ पहिला टप्पा : हातातील काम सोडणे

नवा संघप्रमुख बहुधा संघातील सर्वांत कुशल आज्ञावलीकार असतो आणि हीच त्याची पहिली अडचण ठरते. समजा, एका सहकारी बँकेसाठी कर्जहप्त्यांची प्रणाली तयार होत आहे. नवख्या अभियंत्याने व्याज-आकारणीचा भाग लिहिला. तो चालतो, पण ओबडधोबड आहे. संघप्रमुख रात्री बसून तो भाग स्वतः पुन्हा लिहितो. दुसऱ्या दिवशी प्रणाली सुधारलेली असते, पण नवखा अभियंता मात्र होता तेथेच राहतो. शिवाय आपल्या लिखाणाला किंमत नाही, हे त्याला कळून चुकते. पुढच्या वेळी तो आणखी निष्काळजी होतो, कारण शेवटी ‘सर पाहून घेतील’. याच्या उलट, संघप्रमुखाने कोड रिव्ह्यूच्या वेळी ‘महिन्याच्या मध्यावर कर्जदाराने काही रक्कम भरली तर येथे काय होईल?’ एवढाच प्रश्न विचारला, तर काम दोन दिवस लांबेल, परंतु संघात विचार करणारा आणखी एक माणूस तयार होईल.

जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, आज्ञावली ही लिहिणाऱ्याची खासगी मालमत्ता मानली गेली की तिच्यातील चुका दाखविणे हा त्याला अपमान वाटू लागतो. हे तत्त्व संघप्रमुखाला तर दुप्पट लागू पडते. त्याने स्वतःचे लिखाण सर्वांत आधी तपासणीसाठी पुढे ठेवले आणि त्यातील दोष निघाल्यावर आभार मानले, तरच इतरांना तसे करण्याचे धैर्य येते.

५.२ दुसरा टप्पा : सत्य ऐकून घेणे

एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचर्या-संघांचा अभ्यास करताना १९९६ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट नोंदविली. चांगले नेतृत्व असलेल्या संघांत चुकांची नोंद कमी नव्हे, तर अधिक आढळली. या संघांत चुका सांगण्याची भीती नसल्यामुळे त्या नोंदल्या जात होत्या, असा अर्थ त्यांनी लावला. १९९९ मध्ये त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना सविस्तर मांडली. सॉफ्टवेअरसारख्या अदृश्य कामात तिचे महत्त्व विशेष आहे.

वरील उदाहरणातील प्रणाली सुरू झाल्यावर एके दिवशी काही कर्जदारांच्या खात्यांत चुकीचे व्याज लागले, असे समजू या. ‘हे कोणी केले?’ हा प्रश्न विचारल्यास एक नाव मिळते आणि चौकशी तेथेच संपते. ‘ही चूक तपासणीच्या कोणत्या पायरीवर पकडली जायला हवी होती आणि ती का सुटली?’ असे विचारल्यास चाचण्यांमधील उणीव, घाईत दिलेली मंजुरी किंवा बँकेच्या नियमाचा चुकीचा अर्थ समोर येतो. पहिल्या प्रश्नाने माणूस सावध होतो. दुसऱ्या प्रश्नाने प्रणाली सुधारते. याचा अर्थ जबाबदारी टाळणे असा मात्र नाही. ग्राहकासमोर चुकीची जबाबदारी संघप्रमुखानेच घ्यावयाची असते. यश सांगताना मात्र ज्याने काम केले त्याचे नाव पुढे आले पाहिजे.

मुदतीच्या बाबतीतही हेच लागू पडते. वरिष्ठांना न रुचणारा अंदाज वेळीच सांगणे हे संघप्रमुखाचे अवघड, पण अटळ कर्तव्य आहे. तीन महिन्यांचे काम दोन महिन्यांत ‘करून टाकू’ असे कबूल करणारा प्रमुख धाडसी दिसतो. प्रत्यक्षात तो तो एक महिना आपल्या संघाच्या झोपेतून वसूल करीत असतो.

५.३ तिसरा टप्पा : संघांची मांडणी करणे

एकाहून अधिक संघ हाताखाली आले की प्रत्येक माणसाचे काम पाहणे अशक्य होते. येथे कॉनवे यांचे निरीक्षण उपयोगी पडते. कोणत्या संघाची सीमा कोठे संपते, दोन संघांत कोणता करार आहे, निर्णय कोणाचा आणि सल्ला कोणाचा, हे लिहून ठेवणे हेच आता नेत्याचे मुख्य ‘लिखाण’ होय. गूगल कंपनीने २००८ च्या सुमारास आपल्या व्यवस्थापकांचा अंतर्गत अभ्यास हाती घेतला. चांगल्या व्यवस्थापकांच्या ज्या आठ सवयी त्यात पुढे आल्या, त्यांत मार्गदर्शन करणे पहिल्या क्रमांकावर होते, तर तांत्रिक कौशल्य आठव्या. तांत्रिक ज्ञान अनावश्यक आहे, असा याचा अर्थ नाही. ते यादीत आहेच. परंतु त्याचा उपयोग स्वतः उत्तर देण्यासाठी नसून योग्य प्रश्न विचारण्यासाठी आहे.

५.४ चौथा टप्पा : उत्तराधिकारी घडविणे

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे नेतृत्व फकीरचंद कोहली यांनी १९९६ मध्ये एस. रामदुराई यांच्याकडे सोपविले. रामदुराई १९७२ मध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून कंपनीत आले होते. त्यांच्यानंतर २००९ मध्ये आलेले एन. चंद्रशेखरन हेही १९८७ पासून त्याच कंपनीत घडलेले होते. पुण्यात १९९० मध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्सची स्थापना करणाऱ्या आनंद देशपांडे यांनी २०१९ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद दुसऱ्याकडे दिले. या उदाहरणांत कंपन्यांचा आकार मोठा असला तरी तत्त्व पाच जणांच्या संघालाही लागू आहे. संघप्रमुख पंधरा दिवस रजेवर गेला आणि काम थांबले, तर तो त्याच्या महत्त्वाचा पुरावा नसून त्याच्या अपूर्ण कामाचा पुरावा आहे.

६. पनवेल परिसराच्या संदर्भातील काही प्रश्न

पहिला प्रश्न भाषेचा व संकोचाचा आहे. रायगड जिल्ह्यातील गावांतून, मराठी माध्यमातून शिकून आलेले अनेक अभियंते कुटुंबातील पहिलेच पदवीधर असतात. त्यांना प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते, परंतु इंग्रजीत चालणाऱ्या बैठकीत ते गप्प राहतात. त्यांच्या मौनाचा अर्थ अज्ञान असा लावला जातो आणि बढतीच्या वेळी बोलके लोक पुढे जातात. बैठकीपूर्वी मुद्दे लेखी मागविणे, प्रत्येकाला क्रमाने बोलण्याची संधी देणे व गरज पडेल तेथे मराठीत वा हिंदीत चर्चा होऊ देणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

दुसरा प्रश्न ज्येष्ठतेविषयीच्या आदराचा आहे. वडीलधाऱ्यांपुढे उलट बोलू नये, हा संस्कार घरात मोलाचा आहे. परंतु ‘सर, ही रचना चुकते आहे’ हे वाक्य वेळेवर उच्चारले न गेल्यास त्याची किंमत शेवटी ग्राहकाला मोजावी लागते. आदर राखून असहमती कशी दर्शवावी, हे शिकविण्याची जबाबदारी ज्येष्ठावर आहे, कनिष्ठावर नव्हे.

तिसरा प्रश्न अंतराचा व वेळेचा आहे. पनवेलहून ऐरोली वा पुण्याकडे ये-जा करणाऱ्यांचे दिवसातील काही तास प्रवासात जातात. रात्री उशिरा प्रणाली अद्ययावत करण्याचा आग्रह, अचानक बोलावलेल्या बैठका यांचा सर्वाधिक भार घर व नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रियांवर पडतो. अनुभवी अभियंता स्त्री नेतृत्वाच्या उंबरठ्यावर असतानाच नोकरी सोडते, तेव्हा त्यामागे तिची क्षमता नव्हे, तर कोणी तरी विचार न करता ठरविलेले वेळापत्रक असू शकते. वेळापत्रक आखणे हादेखील नेतृत्वाचा नैतिक निर्णय आहे.

चौथा प्रश्न नव्या काळाचा आहे. २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली साधने आज्ञावलीचे मोठे भाग क्षणार्धात लिहून देऊ लागली आहेत. त्यामुळे आज्ञावली लिहिण्याचा वेग वाढला असला तरी तिची जबाबदारी यंत्र घेत नाही. शिवाय नवखे अभियंते ज्या लहानसहान कामांतून शिकत असत, तीच कामे आता यंत्राकडे जात आहेत. शिकण्याच्या पायऱ्या नाहीशा झाल्या तर दहा वर्षांनी ज्येष्ठ अभियंते कोठून येणार, हा प्रश्न आजच्या संघप्रमुखाने स्वतःला विचारला पाहिजे. यंत्राने लिहिलेला भाग समजावून सांगता आल्याशिवाय तो स्वीकारायचा नाही, असा दंडक घालणे हा त्यावरील एक व्यवहार्य उपाय आहे.

७. उपाययोजना

१. महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या गटप्रकल्पात गटप्रमुखपद संपूर्ण वर्ष एकाच विद्यार्थ्याकडे न ठेवता ते पाळीपाळीने सर्वांकडे द्यावे. गुणदान करताना प्रमुखाने इतरांना काय शिकविले, याचाही विचार व्हावा.
२. सी-डॅकच्या पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमासारख्या उपक्रमांतील गटप्रकल्पांच्या शेवटी, काय साधले याबरोबरच काय चुकले व का, याची लेखी चर्चा घ्यावी.
३. ज्यांना माणसे सांभाळण्याची आवड नाही अशा कुशल अभियंत्यांसाठी कंपन्यांनी तांत्रिक बढतीचा समांतर मार्ग खुला ठेवावा. बढती म्हणजे संघप्रमुखपदच, हे समीकरण मोडल्याशिवाय चांगले अभियंते गमावणे व नाखूष प्रमुख मिळणे, हे दुहेरी नुकसान थांबणार नाही.
४. नव्या संघप्रमुखाने प्रत्येक सहकाऱ्याशी ठराविक काळाने स्वतंत्र संवाद साधावा. या संवादात कामाचा हिशेब न मागता अडचणी व पुढील शिक्षण यांवर भर असावा.
५. परिसरातील अनुभवी अभियंत्यांना महाविद्यालयांनी केवळ नव्या तंत्रज्ञानावर नव्हे, तर फसलेल्या प्रकल्पांवर बोलण्यासाठीही निमंत्रित करावे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. सॉफ्टवेअरचे काम अदृश्य असल्याने त्यातील नेतृत्व मुख्यतः विश्वासावर चालते. आज्ञावली लिहिण्याचे कौशल्य हे या नेतृत्वाचा पाया आहे, परंतु ते त्याची इमारत नव्हे. टिफ्रॅकच्या गटाने आधी लहान यंत्र बांधून स्वतःला शिकविले, अर्नेटने आदेशाऐवजी सहमतीचा मार्ग धरला आणि ‘परम’च्या संघाने अशक्य वाटणारे काम विभागून शक्य केले. तीन्ही ठिकाणी नेत्याचे खरे कर्तृत्व यंत्रात नव्हे, तर यंत्र घडविणाऱ्या माणसांत शिल्लक राहिले. टिफ्रॅक आज वापरात नाही आणि परम ८००० ची जागाही नव्या महासंगणकांनी घेतली आहे. परंतु त्या परंपरेतून निघालेली संस्था खारघरमध्ये आजही नवे अभियंते घडवीत आहे.

पनवेल परिसरातील तरुण अभियंता उद्या संघप्रमुख होईल तेव्हा त्याच्या किंवा तिच्या हाती चार-पाच जणांची केवळ कामे नसतील. त्यांची शिकण्याची वर्षे व त्यांचा आत्मविश्वासही असेल. आपल्या संघातून आपल्याइतकेच, किंबहुना आपल्याहून सरस निर्णय घेणारे किती जण तयार झाले, हा प्रश्न त्या संघप्रमुखाने वर्षातून एकदा तरी स्वतःस विचारावा. नेतृत्वाच्या वाढीचे याहून विश्वसनीय मोजमाप दुसरे नाही.